करवंटीतला चीक

चाळीस वर्षं मी एका कोंबड्याला दोष देत आले. यंदा तो निर्दोष सुटला, तोही माझ्या नातीच्या प्रकल्पामुळे.

नात डहाणूच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तांदळाच्या कोंड्यातलं प्रथिन काढायचं आणि कच्च्या पपईच्या चिकाने त्याचे बारीक तुकडे करायचे, असं तिचं काम. सुट्टीत तलासरीला येऊन तिने आमच्या ओट्यावरच काचेच्या नळ्या मांडल्या.

"प्रथिन म्हणजे लांब माळ, आजी. चिकातलं एन्झाइम ती कापतं. तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातली काही रक्तदाबाला चांगली असावीत म्हणे."

"म्हणजे माझी गोळी बंद?"

"गोळी घे गुपचूप. आधी माझं पाणी निवळू दे."

तेच तर निवळत नव्हतं. चीक घातला की कोंड्याचं गढूळ पाणी निवळायला हवं. तीन दिवस तिने नळ्या कोमट पाण्यात धरल्या. पाणी जसंच्या तसं. सोमवारी मॅडमना दाखवायचं, नाहीतर वर्ष वाया. पोरीचं जेवणखाण सुटलं.

शनिवारी ती म्हणाली, "हा चीक मेलेला आहे, आजी." आणि मला तो कोंबडा आठवला.

मी नवी सून होते. सासूबाई पपईला बांबूच्या कामटीने चिरा पाडायच्या आणि चीक करवंटीत धरायच्या. मी पडले डहाणूच्या बाजारातली शहाणी! नाक मुरडून माहेरचा तांब्याचा गडू काढला, लिंबाने घासून लखलखीत. त्यात धरलेल्या चिकात म्हातारा कोंबडा मऊ व्हावा म्हणून मुरवला. नणंदेचे यजमान चावून चावून दमले.

"वहिनी, कोंबडाच आहे ना? की माझी चप्पल?"

"करवंटी घ्यायचीस गं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"कोंबडाच थेरडा होता!" मी ठणकावलं. अक्कल नव्हती, पण आवाज मोठा होता.

अक्कल पुढेही आली नाही. नातीचं शिक्षणाचं काम, म्हणून यंदाही चीक त्याच गडूत धरला आणि मग काचेच्या बाटलीत ओतून तिच्या हातात दिला. सगळं सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"तांबं त्या एन्झाइमला निकामी करतं, आजी! मला वाटलं, तू थेट बाटलीतच धरतेस."

रविवारी ऊन चढायच्या आत आम्ही दोघी करवंटी घेऊन पपईखाली. नवा चीक नळीत गेला. न्याहारी झाली, भांडी झाली, तरी मी ओट्यापासून हलले नाही. हळूहळू पाणी नितळ झालं, आणि नळीच्या पलीकडे नातीची बत्तिशी दिसायला लागली. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. तिने उभ्या उभ्या तीन भाकऱ्या खाल्ल्या.

मग वही उघडली. "आधीचं का फसलं, तेही लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिही, भांडं चुकलं. सून चुकली म्हणू नकोस."