वकिलाची खुर्ची

आमची आत्या कुणाच्या बापाला भीत नाही. गोऱ्या साहेबाच्या काळातली, पडलेली वकिलाची कचेरी नगरपालिकेने लोकांना बघायला पुन्हा जशीच्या तशी उभारली. तिथे ती झाडलोट करते. दमली की प्रेक्षकांसाठी बांधलेली दोरी ओलांडून खुशाल वकिलाच्या खुर्चीत बसते.

परवा व्यवस्थापकांनी तिला तिथेच गाठलं. "मावशी, उठा. ही वकीलसाहेबांची खुर्ची आहे."

आत्या जागची हलली नाही. "तुमचे वकीलसाहेब हिच्यात कधी टेकलेसुद्धा नाहीत. माझा नवरा सुतार. गेल्या वर्षी त्यानेच ही बनवली, आणि माप घ्यायला मलाच बसवलं होतं."

व्यवस्थापक दोरीपाशीच थांबले.

"उभे का? समोरचं पक्षकारांचं बाकडंही त्यानेच केलंय. बसा तिथे, आणि बोला काय तक्रार आहे ती."