काकांचं आमेन

आमच्या बुधवारच्या प्रार्थनेला जो एकदा येऊन गेला, तो घरी जाऊन चार जणांना सांगतोच. मी तर दर बुधवारी जाते, तेव्हा माझ्याकडे किती साठलं असेल बघा. शुक्रवार पेठेतली आम्ही पाच-सात घरं, दर आठवड्याला एकाच्या घरी जमतो. नियम आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा: आधी उपकारस्तुती, मग मागणं. देवाचे आभार मानल्याशिवाय कुणी काही मागायचं नाही. आणि हा नियम सारामावशींनी जरा जास्तच मनावर घेतलाय!

मावशी मूळच्या कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या. एकदा वादळात त्यांच्या स्वयंपाकघरावरचा पत्रा उडाला. आम्ही धीर द्यायला गेलो, तर त्या उघड्यावर बसून भाकरी थापत होत्या. डोळे मिटून म्हणाल्या, "देवा, उपकार. हितं धूर लई कोंडायचा."

*

एका बुधवारी आत प्रार्थना चालू असताना बाहेरून पाळकसाहेबांची स्कूटर चोरीला गेली. नवी कोरी! साहेबांचा चेहरा पांढराफटक. मावशी उभ्या राहिल्या: "देवा, चोर तुझ्या दारापतुर आला, त्याबद्दल उपकार. फुडच्या बुधवारी त्याला आत आण." साहेबांना आमेन म्हणवेना. ते दानियलकाकांनी म्हटलं.

*

दानियलकाका म्हणजे मावशींचे मिस्टर, रिटायर्ड बसकंडक्टर. सभेत त्यांनी कधी दुसरा शब्द काढला नाही. कुणाची प्रार्थना लांबली, की मध्येच खणखणीत "आमेन!" बसची घंटी मारावी तसं. त्यावर चहा यायचा.

एकदा बाहेरगावचे पाहुणे पाळक जगाच्या उत्पत्तीपासून सुरू झाले. जलप्रलयातल्या तारवापर्यंत पोचले आणि काकांनी घंटी मारली. पाहुणे डोळे उघडून बघतच राहिले. मावशी म्हणाल्या, "तारू टेकलं, साहेब. चा घ्या."

*

मग काकांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "परत बोलतील याची खात्री नाही." मावशी भर वॉर्डात मोठ्यांदा, "देवा, डावी बाजू ठिवलीस, उपकार." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना कळलंय ना मी काय म्हणालो?" मला त्या दिवशी मावशींचा चक्क राग आला. माणूस असा पडलाय आणि आभार कसले मानता?

*

काकांना घरी आणल्यावरची पहिली प्रार्थना त्यांच्याच घरी होती. काका कॉटवर, नजर छताला. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आज आभार राहू देत. थेट मागूया."

"नियम म्हंजे नियम की," म्हणत मावशी उभ्या राहिल्या.

उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "देवा, आज न्हाय जमत. आज उपकार न्हाय, काय न्हाय. घर लई गप झालंय. ह्यांचा आवाज तेवढा दे."

आणि मग ज्या सुटल्या! लग्न, गेलेलं पहिलं बाळ, उडालेला पत्रा, सगळं काढलं. थोडं मराठीत, थोडं कानडीत, देवाशी उघड भांडण. पत्र्याचंसुद्धा त्यांना इतकं लागलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांना थांबवायचं कुणाच्यात धाडस नव्हतं.

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. वेडावाकडा, पण आवाज.

"आ... मेन."

पाळकसाहेबांच्या मांडीवरचं बायबल खाली घसरलं. मावशींनी डोळे उघडले, पदराने नाक पुसलं आणि कॉटकडे वळून म्हणाल्या, "माजं अजून संपलं न्हवतं."