अंगठ्याने हलणारं मशीन मला नको होतं

शेलार गावात आमचं सुतारकामाचं दुकान होतं. मोठे दीर गिऱ्हाइकं सांभाळायचे, माझे यजमान करवत-रंधा सांभाळायचे आणि मी घरी बसून नक्षीची डिझाइनं काढून द्यायचे. लग्नाआधी मी आयटीआयमधून मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा कोर्स पुरा केला होता. पण दुकानात माझी ओळख 'वहिनी चित्रं छान काढतात' एवढीच होती.

त्या वर्षांत आमच्याकडच्या शेतजमिनींवर गोदामं उभी राहत होती. ज्याच्या हातात पैसा आला तो बंगला बांधायला घ्यायचा, आणि बंगला म्हटला की दारावर कोरलेला गणपती हवाच. नेमका तेव्हाच आमचा कोरीवकाम करणारा कारागीर गावी निघून गेला. दिरांनी, म्हणजे दादांनी, जाहीर केलं, "आता मशीन घ्यायचा. कॉम्प्युटरवाला."

"कुठलं बघितलंत?" मी विचारलं.

"ते आम्ही बघू."

त्या 'आम्ही'त मी नव्हते. मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशीपासून दुपारची कामं आवरली की मी रिक्षाने निजामपुऱ्यातल्या सायबर कॅफेत जायला लागले. तिथे बाई म्हणून मी एकटीच. परदेशातले हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये असली मशीनं ठेवतात आणि त्यांच्यावरून एकमेकांशी कडाकडा भांडतात. ती भांडणं मी शब्दकोश घेऊन वाचली. वहीत तीन रकाने आखले : किंमत, सोयी, ताठपणा.

हा ताठपणा दुकानात कुणाला समजत नव्हता. या मशीनमध्ये एक लहान कटर प्रचंड वेगाने फिरतो आणि कॉम्प्युटर त्याला सांगेल तिकडे नेतो. कटर लाकडात शिरला की लाकूडही त्याला उलटं रेटतं. तेव्हा सांगाडा जेवढा वाकेल, तेवढी नक्षी बिघडणार. पातळ प्लायला ते चालून जातं. सागाला चालत नाही.

बाहेरून किट मागवून घरी जोडायचं मशीन सगळ्यात स्वस्त होतं, पण त्याचा सांगाडा लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचा. आमच्या खाडीच्या दमट हवेत ती फळी एका पावसाळ्यात फुगली असती. मुंबईच्या एका डीलरकडे अॅल्युमिनियमचं टेबलावर मावणारं मशीन होतं, दिसायला देखणं, सोयी भरपूर. कारखान्यातलं मोठं मशीन खरंच ताठ होतं, पण त्या पैशात नवी मोटार आली असती.

दादांच्या मनात ते देखणं मशीन भरलं. बयाणा द्यायला निघाले तेव्हा मीही गाडीत जाऊन बसले. पर्समध्ये डायल गेज होता. हे घड्याळासारखं मोजायचं यंत्र, त्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

डीलरने चकचकीत मशीनवर अॅक्रिलिकची अक्षरं कापून दाखवली. दादा खूश. मी विचारलं, "मी जरा मोजून बघू?"

"काय मोजणार, मॅडम?"

मी मशीनच्या पाट्यावर गेज बसवला, त्याचं टोक कटरच्या डोक्याला टेकवलं आणि दुसऱ्या बाजूने डोकं अंगठ्याने दाबलं. काटा चाळीस घरं सरकला.

"हा माझा अंगठा आहे," मी म्हटलं. "साग किती रेटेल?"

डीलरचा चेहरा उतरला. "मॅडम, हे हॉबी मशीन आहे. एवढं बघायचं नसतं."

"आम्हाला हौस नाही, धंदा करायचाय."

दादांनी बयाणा दिला नाही, पण परतताना गाडीत ते भडकले. "चारचौघांत माझी शोभा केलीस. एवढा कलतंय तर तूच बनव!"

"बनवते," मी म्हटलं.

बोलून गेले खरी, पण हातात काहीच नव्हतं. माहेरच्या ओळखीचे, लूम म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री निजामपुऱ्यात होते. त्यांना मी चाचा म्हणायचे. त्या दिवसांत जुने लूम भंगारात निघत होते. चाचांच्या गल्लीत लूमच्या दोन्ही बाजूंना असतात त्या बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या, चौकटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. एक उचलायला चार माणसं लागायची.

"चाचा, ये हिलती है क्या?"

ते हसले. "बेटी, तीस साल इसपे लूम ठोकता रहा. ये नहीं हिली, हम हिल गए."

मशीनच्या सांगाड्यासाठी मी दोन चौकटी भंगाराच्या भावाने घेतल्या. त्यांच्या कडा सपाट करून घ्यायला एका वर्कशॉपमध्ये गेले. मालकाने माझ्या मागे नजर टाकली. "घरातून कोणी जेन्ट्स नाही आले?"

"ड्रॉइंग मी काढलंय. मापं मलाच विचारा."

त्याने उद्या या म्हणून सांगितलं. मी उद्या गेले, परवाही गेले. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात स्टूल टाकून बसले. दुपारी त्याने ड्रॉइंग हातात घेतलं, नीट वाचलं, आणि मग एकही फालतू प्रश्न न विचारता काम केलं.

कटर ज्यांवरून सरकतो ते रूळ, स्क्रू आणि मोटारी मुंबईतून आणल्या. जोडणी यजमानांनी आणि मी मिळून केली. ते थोडं बोलायचे, पण मी सांगितलेला बोल्ट सांगितलेल्या क्रमानेच घट्ट करायचे.

पहिला गणपती वाकडा आला. उजवा कान डाव्यापेक्षा लांब. दादांनी ती फळी दुकानात येईल त्याला दाखवली. "बघा, आमच्या इंजिनेरबाईंचा गणपती!" मला रडू आलं, पण मी ते कुणाला दिसू दिलं नाही. शोधलं तर दोन रूळ एकमेकांना काटकोनात नव्हते. सगळं सोडवून पुन्हा बांधलं. मग दुसरं संकट लोडशेडिंगचं. अर्धी नक्षी झाली की वीज जायची आणि मशीन आपण कुठे होतो तेच विसरायचं. मी रुळांच्या टोकांना बटणं बसवली. वीज आली की मशीन आधी त्या बटणांना जाऊन टेकायचं, तिथून मोजत पुन्हा त्याच जागी यायचं.

तिसरा गणपती सरळ आला. सोंडेवरच्या रेघा धारदार, सागाचा एक टवका उडाला नाही. खारबावच्या गिऱ्हाइकाने हात फिरवून बघितला आणि तिथल्या तिथे अख्ख्या बंगल्याची दारं सांगितली.

माझं मशीन सगळ्यात सरस होतं असं मी म्हणणार नाही. ते सावकाश चालायचं, दिसायला ओबडधोबड होतं, आणि एकदा ठेवलं तिथून हलवणं शक्य नव्हतं. दुकानांच्या नावांच्या पाट्या करणाऱ्या एका शेजाऱ्याला तर मीच डीलरचं ते देखणं मशीन घ्यायला सांगितलं; अॅक्रिलिकला ते उत्तम होतं. पण सागाला माझंच.

ऑर्डरी वाढल्या तसे एक दिवस दादा म्हणाले, "मशीन चांगला चाललाय. आता एक ऑपरेटर ठेवतो. तू घरचा बघ."

"ऑपरेटर आहे," मी म्हटलं.

"कोन?"

मी उत्तर द्यायच्या आत यजमान रंधा थांबवून म्हणाले, "दादा, ड्युटी तिची हाय. दुसरा कोन न्हाय बसनार."

आयुष्यात पहिल्यांदा ते भावापुढे बोलले असतील. दादा गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला बाहेर गेले. मी नवी फळी पाट्यावर चढवली, शिकंजे आवळले आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले. पुढची अकरा वर्षं त्या खुर्चीत मीच होते.