दहाच्या जागी बाराची तार

“दहा-बावन्न? एवढ्या खालच्या ट्यूनिंगला?” मला हसूच आलं. “कोणी लावला हा सेट?”

“श्रीधर सरांनी,” केतकी म्हणाली.

माझं हसू तिथेच थांबलं.

आबिड्सला वाद्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत मी गिटार दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं श्रीधर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा. फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासायला मीच त्याला शिकवलं. मग त्याने स्वतःचं वर्कशॉप काढलं. तिथे एसी आहे, वेटिंग लिस्ट आहे, चेन्नईचे लोक त्याला गिटार कुरिअर करतात. त्याचे सगळे व्हिडिओ मी बघतो. लाइक एकालाही केलेलं नाही.

केतकी मूळची पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. पूर्वी माझ्याकडेच यायची. मग वर्षभर फिरकली नाही. त्या बुधवारी आली ती पहिली तार तुटली म्हणून, आणि श्रीधर गावाला गेला होता म्हणून. शनिवारी नामपल्लीच्या एका हॉलमध्ये तिचा पहिला जाहीर कार्यक्रम होता.

“काका, फक्त एक दहाची तार टाका. सर म्हणालेत, सेट बदलू नको.”

सर म्हणालेत! मला ती काका म्हणायची.

इथे थोडं समजावून सांगतो. गेज म्हणजे तारेची जाडी. दहाची तार म्हणजे इंचाच्या हजार भागांतले दहा भाग जाड. दहा-बावन्न म्हणजे सेटमधली सर्वांत बारीक तार दहाची, सर्वांत जाड बावन्नची. केतकीचा आवाज खर्जातला, म्हणून तिने सगळी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली होती. सूर उतरवला की तार सैल पडते, फडफडते. तो ताण परत आणायला जाड तार लावतात. त्या हिशेबाने दहा-बावन्न फारच बारीक होता. श्रीधर चुकला होता. मला किती बरं वाटलं, काय सांगू!

“बारा-साठ लावू या,” मी म्हणालो. “हा सेट स्टेजवर तुला दगा देईल.”

“पण मला काही त्रास नाहीये, काका.”

“तुला कळत नाही अजून. सव्वीस वर्षं हेच करतोय मी.”

तिने गिटार माझ्यापुढे सरकवली. मी जुन्या तारा काढल्या. जाड तार नटच्या खोबणीत बसत नव्हती. नट म्हणजे गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला असलेली हाडाची पट्टी, तिच्या खोबणींत तारा टेकतात. मी कानस घेऊन खोबणी रुंद केल्या. हे काम उलटं फिरवता येत नाही. घासलेलं हाड परत भरत नाही. हे मी शिकाऊ लोकांना पहिल्याच दिवशी सांगतो.

शुक्रवारी दुपारी केतकी परत आली. बोटाला पट्टी होती.

“मींड येतच नाहीये, काका. तार ओढली की बोट सोलतंय. उद्या कार्यक्रम आहे.” तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी गिटार टेबलावर घेतली आणि जे बुधवारी करायला हवं होतं ते केलं. मोजायची टेप लावली. नटपासून खालच्या टोकाच्या ब्रिजपर्यंत, म्हणजे जेवढी तार वाजते तेवढी लांबी, सत्तावीस इंच भरली. नेहमीच्या गिटारची साडेपंचवीस असते. तार लांब असेल तर त्याच सुराला ताण जास्त येतो, म्हणून बारीक तार पुरते. श्रीधरचा सेट अगदी बरोबर होता. तिच्या हलक्या हातालाही बरोबर होता. मान लांब आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. पण बुधवारी माझे डोळे श्रीधरची चूक शोधत होते.

मी दहा-बावन्न परत लावला. रुंद झालेल्या खोबणीत तार झणझणायला लागली.

“गिटारमध्येच काही प्रॉब्लेम आहे का?” तिने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

“नाही,” मी म्हणालो. “मी मोजलं नाही. चूक माझी आहे.”

नवा नट लागणार होता. त्या गिटारचा नट श्रीधरने घडवला होता, त्याचं माप त्याच्याकडे होतं. तो सकाळीच गावाहून परतला होता. मी फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा.

“हौ, मेरे पास एक्स्ट्रा पडा है,” तो म्हणाला. “आतूं मैं.”

तासाभराने आला. गिटार हातात घेतली, खोबणी बघितल्या.

“नापे नई थे क्या भाई?”

“नई.”

एवढंच. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

माझ्याच टेबलावर, माझ्याच कानशींनी त्याने नट बसवला. मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्याचा हात आता माझ्यापेक्षा साफ चालतो. कानस कुठे थांबवायची हे त्याला विचार न करता कळतं. शिकवलं मी आणि पुढे गेला तो.

केतकीने तार ओढली. मींड स्वच्छ आली. ती हसली, ते त्याच्याकडे बघून.

शनिवारी मी मागच्या रांगेत बसलो होतो. ती छान गायली, गिटारने एकदाही दगा दिला नाही. शेवटी तिने स्टेजवरून श्रीधर सरांचे आभार मानले. माझं नाव घेतलं नाही. न घेऊन तिने माझ्यावर उपकारच केले, हे कळत होतं. तरी लागलं.

ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. श्रीधरचा हेवा मला आजही वाटतो, तो काही गेला नाही. कामापुरतं मी एवढंच शिकलो, की चूक कोणाची हे आधी ठरवून गिटार तपासायला घेऊ नये. तसं केलं की चूक सापडते, पण ती आपलीच असते.