टेबलावर ऐकलेली नानाची मोट

१९८८ साल. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, ती पण मध्ये मध्ये — तेव्हा अक्षराकडे बघू नका, मजकुराकडे बघा. तुमच्या अंकात लोक असले अनुभव लिहितात आणि मी वाचून हसतो. भूत, भास, अंगात येणं, कशावरच माझा विश्वास नाही. सावद्याजवळ माझी केळी आहेत, मसणवटीच्या बांधाला लागून. तिथे दुपारी भाकरी खाऊन मी डाराडूर झोपतो. असा माणूस मी... आणि मलाच हे लिहावं लागतंय.

झालं असं, की केळीचे घड उचलून उचलून माझ्या जांघेत गोळा आला. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. धुळ्याला माझी लेक दिलेली आहे, सुशी. तिने तिथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आबा, हा हर्निया. यात आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशन लवकर करून घ्या."

म्हटलं, करा. मला कसली भीती?

पण दंडाला पट्टा बांधला की पारा वर! एवढ्या बीपीवर टेबलावर घेत नाहीत म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. सावद्याच्या डॉक्टरांनी मोजलं तर सगळं बरोबर. महिन्याने परत धुळ्याला गेलो — पुन्हा वर. मी चिडलो. केळीच्या काट्यावर जन्म गेला माझा, खोटा काटा मी लांबून ओळखतो. म्हटलं, "सिस्टर, तुमचा काटा खोटा आहे. आधी स्वतःला लावून दाखवा."

तिने लावला. काटा खरा होता.

सुशी म्हणाली, "आबा, मशीनले काय तुमच्याशी वैर आहे? तुम्ही घाबरता."

"मी घाबरतो? मी तुझा बाप आहे!" असं बोलून तिच्या घरी पाणीही न पिता एस.टी.त बसलो.

आता सांगायला हरकत नाही. स्पिरिटचा वास आला की मला नाना दिसायचा. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ. चाळिशीत पोटाच्या ऑपरेशनला म्हणून गेला — जाताना पायी, येताना बैलगाडीत झोपून, पांढऱ्या कपड्याखाली.

आमच्या विहिरीवर तेव्हा मोट होती. नाना मोट हाकायचा, मी केळीला पाणी धरायचो. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरले की चाक करकरायचं आणि भरलेली मोट वर यायची. पाणी ओतलं की बैल मागे सरायचे. चाकाला एका जागी खाच पडलेली, म्हणून प्रत्येक फेऱ्याला कर्रर्र... कर्रर्र... टक्. नाना त्याला तेल घालू द्यायचा नाही. म्हणायचा, बैल या आवाजावर चालतात. पुढे नाना गेला, विहिरीवर मोटर बसली आणि ते चाक आम्ही चुलीत घातलं. माझ्या हातांनी फोडलं मी.

तिसऱ्या खेपेला गोळा दुखायला लागला होता, म्हणून मुकाट्याने गेलो. टेबलावर घेतलं, पट्टा बांधला. सिस्टर म्हणाली, "लांब श्वास घ्या, आबा." श्वास कसला! छातीवर म्हैस बसलेली. डॉक्टर पाऱ्याकडे बघून मान हलवायला लागले... मला वाटलं, संपलं. आता घरी जाऊन मरायचं.

आणि कानात आलं — कर्रर्र... कर्रर्र... टक्.

कुठून आलं, माहीत नाही. पण अंगाला ओळखीचं. बैल उतरले, माझा श्वास सुटला, लांबच लांब. बैल मागे सरले, श्वास आत. मी काही करत नव्हतो, आपोआप चाललं होतं. म्हैस उठून गेली.

"अरे! पारा उतरला की," डॉक्टर म्हणाले. "आबा, आज काय खाऊन आलात?"

"कालपासून उपाशी तर तुम्हीच ठेवलंय!"

कमरेत सुई दिली. खालचं अंग बधिर, डोकं जागं. पडद्यापलीकडे त्यांचं काम चालू, इकडे माझी मोट चालू. मध्येच डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे कसलं चाक करकरतंय? कर्र कर्र, आणि मध्येच टक्... उद्या तेल घालून घ्या."

मी टेबलावरून ओरडलो, "तेल नका घालू!"

मग डॉक्टर म्हणाले, "आबा, हलू नका."

ऑपरेशन झालं. एकदम झकास. संध्याकाळी डॉक्टर खाटेपाशी आले तेव्हा विचारलं, सापडलं का चाक? ते म्हणाले, टेबल जमिनीत पक्कं बसवलेलं आहे, पंखा बंद होता, बाहेर गाडीही नव्हती. मग हसून म्हणाले, "माणूस घाबरला की मनाला आवाज येतात, आबा."

"मग तुम्ही कशाला घाबरला होता?"

ते माझा तक्ता उचलून वाचत पुढच्या खाटेकडे गेले. आज आठ वर्षं झाली, अजून कोणी शिकलेला भेटला की मी विचारतो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पट्टा बांधला. भडगावकडचा होता, माझ्यापेक्षा तरुण, त्याचंही ऑपरेशन होतं. सिस्टर आकडा बघून तोंड वाकडं करून गेली. तो माझ्याकडे वळला. "पारा उतरसच नही, आबा. माले भेव वाटस."

"भाऊ," मी म्हटलं, "मी पण भ्यालो होतो. तीनदा."

सुशी चहा ओतत होती, तिचा हात तसाच राहिला. असलं वाक्य तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी टाक्यांवर हात दाबून त्याच्याकडे कूस वळवली. म्हटलं, "डोळे मीट. बैल उतरले की श्वास सोड, मागे सरले की घे." आणि तोंडानेच मोट सुरू केली — कर्रर्र... कर्रर्र... टक्.

सिस्टर दारातून ओरडली, "काय करकरतंय हो तिथे?"

"मी करकरतोय," म्हटलं. "तेल नका घालू."