न सांडलेला चहा

मैत्री आणि तेजस,

हे मी नागपूरच्या मावशीआजीलाही सांगितलेलं नाही, आणि तिला तर मी काल कोणती भाजी केली तेही सांगते. बुद्धवंदनेला बसते तेव्हा मन स्वच्छ असावं म्हणतात. तेव्हासुद्धा मी ही एक गोष्ट बाजूला सरकवून बसत आले. स्वतःशीही धड शब्दांत कधी म्हटली नाही. त्यामुळे वाक्यं अडखळतील. अडखळू देत.

गेल्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो. तुमची आई हातात कप घेऊन मागून आली, तेजसने चटकन आपला लॅपटॉप छातीशी धरला आणि म्हणाला, "सांभाळा, प्रज्ञाताई चहावाल्या आल्या." मैत्री, तू खो खो हसलीस. तुमचे बाबा हसले. तुमची आईही हसली — तिचं ते नेहमीचं, खाली बघून हसणं. आणि इकडे गाझियाबादला, टेबलाशी बसून, मीही हसले.

किती वर्षं हसतेय मी असं?

तुम्हाला ती गोष्ट पाठ आहे. आईने लॅपटॉपवर चहा सांडला, लॅपटॉप गेला, तेव्हापासून घरात यंत्र आणि आई यांच्यामध्ये हातभर अंतर. तुम्ही तेव्हा लहान होतात — मैत्री दुसरीत, तेजस बालवाडीत — त्यामुळे तुम्हाला ती मोठ्यांकडून मिळाली. आजी-आजोबांकडून मुलांना गोष्टी मिळाव्यात, नाही का? ही त्यातलीच एक. मी दिलेली.

पण आधी तुमच्या आईबद्दल सांगू द्या. ते सांगायला मला आवडतं. आणि खरं म्हणजे — तेवढाच वेळ मिळतो.

प्रज्ञा परभणीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली. माझ्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला इंग्रजी शिकवलं, का, तर आपल्या मुलीला कुणी दारात उभं ठेवू नये म्हणून. त्या इंग्रजीच्या जोरावर मी दिल्लीत सरकारी नोकरीत आले, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलं, निवृत्तीनंतर इथे गाझियाबादला आले. आणि मग काय केलं मी त्या इंग्रजीचं? सुनेचे उच्चार दुरुस्त केले. पाहुण्यांसमोर, हसत हसत. ती 'बरोबर आहे आई' म्हणायची आणि पुढच्या वेळी तो शब्द अचूक उच्चारायची. तिने तो शब्द खोलीत जाऊन किती वेळा म्हणून पाहिला असेल, याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

तुम्ही दोघं शाळेत गेलात की ती लॅपटॉप उघडायची. सॉफ्टवेअर तपासायचं काम ती घरबसल्या, स्वतःची स्वतः शिकली. सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्या पैशातून तिने तो लॅपटॉप घेतला होता. त्या उन्हाळ्यात गुडगावच्या एका कंपनीने तिला परीक्षेचं काम दिलं. त्यांच्या ॲपमधल्या चुका शोधायच्या आणि सोमवारी अहवाल पाठवायचा. जमलं तर नोकरी. लग्नानंतरची पहिली. तुमचे बाबा म्हणाले होते, "बघ करून." त्या 'बघ करून'मध्ये किती कमी विश्वास होता ते मला ऐकू आलं होतं. आणि मला ते गैर वाटलं नव्हतं.

शुक्रवार होता. हॉलमधल्या कूलरची खस, म्हणजे वाळ्याची ताटी, मी त्या दिवशी बदलून घेतली होती. दरवर्षी मे महिन्यात बदलायची म्हणजे बदलायचीच, माझं सगळं वेळेवर. आता, नवी खस बसवली की कूलर सुरुवातीला पाणी उडवतो. हे दिल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मीच सगळ्यांना बजावायचे — समोरून लांब राहा, थोडा वेळ चालू दे त्याला.

प्रज्ञा तुम्हाला बसवरून आणायला खाली गेली. टेबलावर तिचा लॅपटॉप चालूच होता, चार्जिंगला लावलेला, तापलेला, आतला पंखा घरघरत होता. मला वाटलं, बिचारं यंत्र तापलंय, त्याला गार हवेत ठेवावं.

नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले ते वाक्य आहे. त्या घरघरीचा मला वैताग आला होता. घरात दुपारी दोन घटका शांतता नाही — असं काहीतरी पुटपुटत मी तो उचलला, कूलरसमोरच्या स्टुलावर ठेवला, कूलर लावला आणि डाळ बघायला आत गेले.

परत आले तेव्हा अक्षरांच्या बटणांवर पाण्याचे थेंब होते. पडदा काळा.

मी काय केलं असेल? हाक मारली? बंद करून उलटा ठेवला? मी नॅपकिनने वरवर पुसला, झाकण मिटलं, पुन्हा टेबलावर नेऊन ठेवला, काठाशी अगदी समांतर. चार्जरची पिनही परत खोचली. तुम्ही आलात तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते.

संध्याकाळी लॅपटॉप उघडेना. तिने सगळं करून पाहिलं. तुमचे बाबा ऑफिसातून थकून आलेले, त्यांनी बटण दाबून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "लॅपटॉप म्हणजे पोळपाट नव्हे, प्रज्ञा. शेजारी चहाचा कप असतोच तुझा."

"सकाळी होता," ती म्हणाली. "पण सांडला नाही हो."

ते माझ्याकडे वळले. नुसते वळले. काही विचारलं नव्हतं.

आणि मी म्हणाले, "मी तिला नेहमी सांगत आलेय, कप लांब ठेव म्हणून."

या वाक्याकडे नीट बघा, मुलांनो. त्यात एकही शब्द खोटा नाही. मी खरंच नेहमी सांगायचे. नोकरीत माझं काम हेच होतं — वरून आलेल्या प्रश्नांना उत्तरांचे मसुदे करून द्यायचे. असं उत्तर, की ज्यात काहीही खोटं नाही आणि काहीही सांगितलेलं नाही. माझे मसुदे कधी दुरुस्त होऊन परत आले नाहीत. साहेब लोक कौतुक करायचे. त्या संध्याकाळी मी घरात तसाच एक मसुदा केला, उभ्या उभ्या, आणि तो मंजूर झाला.

"आता राहू दे काही महिने," तुमचे बाबा तिला म्हणाले. "एवढं सांभाळता येत नाही तर नोकरी काय करणार?"

ती रडली नाही. सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "आई, मी नेहरू प्लेसला जातेय. दुसरा बघते. तुम्ही येता का सोबत?"

मी गेले. का गेले? तिला इंग्रजीत बोलायला कुणीतरी हवं असेल, असं मी मनाशी म्हटलं. पाहा माझी हिंमत.

तिथे मी तुमच्या आईला पहिल्यांदा पाहिलं, असं म्हणाले तर चालेल. त्या गर्दीत, दर दोन पावलांवर कुणीतरी 'मॅडम, लॅपटॉप, मॅडम, प्रिंटर' करत असताना, ती भाजी बाजारात जावी तशी सरळ तिसऱ्या गल्लीतल्या दुकानात गेली. दुकानदाराने आम्हाला बसवलं आणि माझ्यासमोर एक रुपेरी, पातळ, चकचकीत लॅपटॉप ठेवला. "माताजी, ये देखिए. बहू खुश हो जाएगी."

मला तो फार आवडला. "हाच घे," मी म्हणाले. "पैसे मी देते."

"नको आई," ती म्हणाली. "याचं पोट उघडत नाही. उद्या मेमरी वाढवायची म्हटली तर वाढणार नाही." आणि त्याला म्हणाली, "भैया, वो काला वाला दिखाओ. ऑफिस वाला, पुराना."

तो कुठल्यातरी ऑफिसातून आलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला जाड काळा लॅपटॉप होता. तिने त्याचं झाकण उघडमीट करून बिजागरी पाहिली. अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन पडद्यावर ठिपके आहेत का पाहिलं. प्रत्येक बटण दाबून एक मराठी परिच्छेद टाइप केला — मी वाचला, तेजसच्या डब्याबद्दल होता. बॅटरी किती झिजलीय ते त्याच्याकडूनच काढून घेतलं. गाझियाबादला दुरुस्ती होईल का, मागे किती महिन्यांची हमी, बिलावर लिहून देणार का. आवाज एकदाही चढला नाही. दुकानदार आधी हसत होता, मग खुर्ची ओढून बसला, आणि शेवटी त्याने तिलाच विचारलं, "आप कहीं काम करती हैं, मॅडम?"

"सोमवार से," ती म्हणाली.

मला इतका अभिमान वाटला — आणि अभिमान वाटायचा मला काय हक्क होता?

मग जुना लॅपटॉप. त्यातलं काम निघतंय का ते पाहायला हवं होतं, नाहीतर सोमवारपर्यंत सगळं पहिल्यापासून. वरच्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्याने तो हातात घेतला आणि विचारलं, "क्या गिरा था? चाय या पानी? सच बताइए, सफाई उसी हिसाब से होगी. और गीला होने के बाद चार्जर लगा था क्या?"

या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच माणसाला माहीत होतं. ते माणूस तिथेच, स्टुलावर, मांडीवर पर्स धरून बसलं होतं.

मी पंख्याकडे बघत राहिले.

"पानी," तुमची आई म्हणाली. "चाय नहीं. खारा पानी, गाज़ियाबाद वाला. और हां, चार्जर लगा था."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर माझ्या ध्यानात आलं — थेंब वाळून बटणांवर पांढरे डाग आले होते. तसेच डाग आमच्या कूलरच्या जाळीवर वर्षभर असतात. बारीक नजर तिची, चुका शोधणं हेच तर तिचं काम. तिला शुक्रवारी रात्रीच कळलं असणार. तिने तुमच्या बाबांना सांगितलं नव्हतं.

डिस्क कोरडी निघाली. तिचं अर्ध्याहून जास्त काम वाचलं. आणि आम्ही मेट्रोने परत निघालो. मंडी हाऊसला गाडी बदलली, बायकांच्या डब्यात मला जागा मिळाली, ती समोर दांडा धरून उभी, नवा-जुना दोन्ही लॅपटॉप खांद्यावर. यमुना ओलांडली तेव्हा ती वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली —

"आई, खस नवी असली की आपण ते टेबल जरा भिंतीकडे सरकवत जाऊ या."

आपण, म्हणाली ती. तुम्ही नाही. शोधूनही त्या वाक्यात मला कुठे आरोप सापडत नाही. माझ्यासाठी उघडून ठेवलेलं दार होतं ते. मला फक्त 'हो गं' म्हणायचं होतं. त्याच्यापुढचं तिने विचारलंही नसतं.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी एवढं फिरून आले. कारण पाणी उडालं ती चूक होती, संध्याकाळचं ते वाक्य भित्रेपणा होता. पण हे —

मी तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि इंग्रजीत, माझ्या चांगल्या, कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की कूलरचा इथे काय संबंध. आणि पुढे म्हणाले, स्वतःच्या चुका मान्य करायला शिकावं माणसाने.

शेजारच्या दोन मुलींनी तिच्याकडे पाहिलं. तिची मान खाली गेली. खजील माणूस कसा दिसतो, हे मी तेव्हा पाहिलं — आणि खजील व्हायला हवं होतं मी.

"काही नाही, आई," ती म्हणाली. "सहज म्हटलं."

रविवारी दिवसभर तिने काम केलं. सोमवारी अहवाल गेला. नोकरी लागली, पुढे तिथून दुसरी, आणि त्या दुसरीने तुम्हाला इतक्या लांब नेलं. तुमचे बाबा आता सगळ्यांना सांगतात, माझी बायको कंपनीतली सगळ्यात कसलेली टेस्टर आहे. आणि मग चहाची गोष्ट सांगतात. तिने ती कधी दुरुस्त केली नाही. माझ्या देखत नाही, माझ्या पाठीमागेही नसावी, नाहीतर तुम्ही रविवारी तसं हसला नसता. मला रोज फोन करते. माझ्या गोळ्या विचारते. तिच्या आवाजात मी कितीदा तरी कडवटपणा शोधला. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं, असं वाटतं.

चहा सांडला नव्हता. पाणी मी उडवलं, मी लपवलं, आणि तिने हात पुढे केला तेव्हा तो चारचौघांत झिडकारला.

तुमच्या आईला यातलं काहीच नवीन नाही. तुम्हाला होतं.

— आजी