काकांचा भुरका परत करा

अन्याय झाला तो माझ्या ऑफिसातल्या एका काकांवर. गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या सात खुर्च्यांच्या एका जपानी रेस्टॉरंटात. काकांनी सूपची वाटी दोन्ही हातांनी उचलली होती. डोळे मिटलेले होते. वाटी ओठांपासून चार बोटांवर आली होती, आणि तिथून ती परत खाली गेली. गुन्हेगार कोण ते मला ठाऊक आहे, आणि मी नाव सांगणार आहे. पण आधी तुम्ही हा माणूस बघून घ्या, म्हणजे त्याचं काय हिरावलं गेलं ते कळेल.

हिरावला गेला तो भुरका.

साधासुधा नव्हे. काका आधी वाटीतली वाफ हुंगायचे, "आधी भुरका, मग बाकीचं जग," असं स्वतःशीच म्हणायचे आणि मग जो आवाज निघायचा त्यानं शेजारच्या टेबलावरचा माणूस कुठे नळ सुटला का ते बघायचा. शेवटी एक लांबलचक 'हाऽऽ'. तो ऐकला की आपलीही दिवसभराची कटकट उतरायची.

आमची कंपनी इस्पितळांना सॉफ्टवेअर बसवून देते. त्यासाठी आम्ही गावोगाव फिरतो, आठवडा आठवडा हॉटेलात राहतो. टीममध्ये काका सगळ्यात जुने, मी सगळ्यात नवी. काका मूळचे नागपूरचे, आयुष्यात अंडंही न खाल्लेले, आणि त्याचा कधी गाजावाजाही न केलेले. मी कॉलेजापासून पत्रकं काढणारी. भाडेकरूंसाठी, कँटीनच्या कामगारांसाठी, जिथे अन्याय दिसेल तिथे. म्हणून मी 'पत्रकवाली'.

"काय गं पत्रकवाली, आज कोणाचा निषेध करून राहिलीस?"

"तुमचा."

"कर. पण जेवल्यावर."

आता मुद्द्याचं. या माणसाला या देशात कुठेच भुरका मारायला जागा नव्हती. कॅरी गावात त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते. कढीची वाटी उचलली रे उचलली की काकू म्हणाल्या, "अहो, पाहुणे आहेत." आठवीतली मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज! दॅट्स सो ग्रोस." काकांनी मुकाट चमचा घेतला. ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत त्यांनी आमटीचा डबा उघडला तेव्हा समोरच्या दोघांनी हेडफोन चढवले. कुणी एक शब्द बोललं नाही. माणसाला न बोलता गप्प करायची ही पद्धत मला नीट माहीत आहे, तिच्यावर मी पाठपोट छापलेलं पत्रक काढू शकते.

पण काकांना सनीव्हेल गावात जपानी नूडल्सचं एक दुकान सापडलं होतं. ही माझ्या आधीची गोष्ट, पण त्यांनी ती मला इतक्यांदा सांगितली की मी तिथे होते असंच वाटतं. "बाप्पा! अख्खं दुकान भुरके मारून राहिलं होतं! कोट घातलेली माणसं! बायका! कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मला वाटलं, माझ्याच लोकांत आलो."

त्या दिवसापासून काकांचा नेम ठरला. गाव कोणतंही असो, विमानातून उतरलं की जपानी रेस्टॉरंट. काउंटरवर बसायचं, "नो मीट, नो फिश, नो एग?" असं हात जोडून विचारायचं आणि समोर येईल ते खायचं. मिसो सूपला ते 'जपानचं वरण' म्हणायचे. सनीव्हेलच्या त्याच दुकानात मी त्यांची एका जपानी आजोबांबरोबर जुगलबंदी ऐकली आहे. इकडून एक भुरका, तिकडून एक भुरका, इकडून जरा लांब, तिकडून त्याहून लांब. शेवटी आजोबांनी उठून वाकून नमस्कार केला. काकांनीही केला. एकमेकांचं नावही विचारलं नाही.

कॅरीला, लाँड्री आणि दातांचा दवाखाना यांच्या मध्ये एक जपानी रेस्टॉरंट आहे. तिथे कप्प्याकप्प्यांच्या डब्यात जेवण येतं. काका त्या डब्याकडे बघून कळवळायचे. "लोणचं उजवीकडे? डावी बाजू कुठं गेली यांची?" मग चॉपस्टिकनं, एकेक चकती पकडत, सगळं आल्याचं लोणचं डावीकडच्या कप्प्यात नेऊन ठेवायचे. भात गार व्हायचा, पण डावं-उजवं जागच्या जागी यायचं. मी म्हणायचे, "काका, ही संस्कृतीची दादागिरी आहे." ते म्हणायचे, "मग लोणच्याला विचार, त्याला कुठं बरं वाटतं."

आणि बॉथेल. त्या सात खुर्च्या. तिथली मालकीण साठीची, स्वतःच रांधणारी, फार न बोलणारी. काकांनी पहिल्याच भेटीत तिला सांगून टाकलं, "यू आर ताई." तिनं ते मान्य केलं. आम्ही बसलो की ताई न सांगता सूप आणून ठेवायची आणि भाजी चिरायच्या पाटावरची सुरी थांबवायची. भुरका व्हायचा. ती एकदाच मान हलवायची. मग सुरी पुन्हा सुरू. मी कितीतरी सभांना गेले आहे, पण माणसाला इतकं नीट ऐकून घेतलेलं दुसरीकडे पाहिलं नाही.

त्या गुरुवारीही सुरी थांबली होती. मी म्हणाले, "काका, थांबा. त्यात मासा आहे."

डोळे उघडले. "कुठंय?"

"दिसत नाही. पाण्यातच असतो. सुकवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचा अर्क काढतात आणि त्यात हे सूप करतात. यांना तो मासा वाटतच नाही, म्हणून विचारलं तरी नाही म्हणतात."

"सनीव्हेललाही?"

"बहुतेक."

"कॅरीला?"

"काका, मी त्याच्यावरच तर लिहिलंय!" आणि मी सकाळी छापलेलं पत्रक बॅगेतून काढून वाटीशेजारी ठेवलं. 'ताटात काय आहे, हे कळण्याचा तुमचा हक्क!'

काकांनी वाटी खाली ठेवली. पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "चांगलं लिहिलंस," म्हणाले. "बरं झालं सांगितलंस." मग दोन बोटांनी वाटी हळूच पुढे सरकवली. ताई सुरी धरून तशीच उभी होती.

तर गुन्हेगार मी.

खोटं मी बोलले नव्हते. त्यांना कळायलाच हवं होतं. पुन्हा वेळ आली तरी सांगेन. पण मला ते सकाळपासून माहीत होतं. गाडीत सांगता आलं असतं, हॉटेलच्या लिफ्टमध्ये सांगता आलं असतं. मला माझं वाक्य ऐन वेळी टाकायचं होतं, सभेत टाकतात तसं. आणि टाळी वाजेल असंही मला कुठेतरी वाटलं होतं.

त्यानंतर काका हॉटेलच्या खोलीत दहीभात खायला लागले. मीही डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे. प्लास्टिकचा चमचा, टीव्हीवर हवामान, आणि आवाज शून्य. एकदा मी माझ्या खोलीतल्या शेगडीवर मुद्दाम टोमॅटोचं सार करून नेलं. तेही त्यांनी चमच्यानं संपवलं.

"भुरका मारा ना, काका. इथे कोण आहे?"

"सवय गेली गं."

सवय दोन महिन्यांत जात नसते. माणूस गप्प होतो त्याला सवय जाणं म्हणू नका.

पुढच्या बॉथेलच्या फेरीत मी एकटीच ताईकडे गेले. भांडायला. तेच पत्रक इंग्रजीत करून तिच्यापुढे धरलं, हक्क वगैरे सगळं बोलून घेतलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि इंग्रजीत म्हणाली, "बरोबर आहे. मला सांगायला हवं होतं." आता यावर काय भांडणार? माझी पुढची चार वाक्यं वाया गेली. मग तिनं विचारलं, "तो कुठे आहे?"

मी सांगितलं. ती आत गेली, एक बरणी घेऊन आली. वाळवलेली समुद्री पालेभाजी आणि सुकी मशरूम. "माझी आई देवळात भिक्षूंसाठी रांधायची तेव्हा सूपला याचाच अर्क काढायची. उद्या ये. त्याला आण."

काकांना आणणं हे माझ्या आजवरच्या आंदोलनांपैकी सगळ्यात अवघड निघालं.

"नको गं. तिला कशाला त्रास?"

"काका, मी स्वतः बरणी बघितली. मासा नाही. समुद्रातली पालेभाजी आहे."

"समुद्रातली? पोहत नाही ना?"

"काका!"

"विचारायला हवं. तूच शिकवलंस."

दुसऱ्या दिवशी आले. ताईनं त्यांना काउंटरच्या आत बोलावलं आणि पातेल्याचं झाकण काढून दाखवलं. काकांनी डोकावून पाहिलं, झाऱ्यानं तळही ढवळला. मग खुर्चीवर येऊन बसले. वाटी आली. सुरी थांबली. काकांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले, आणि तशीच धरून बसले. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड पूर्ण बंद ठेवलं होतं.

"आधी भुरका," काका म्हणाले.

तो झाला. शेवटचा 'हाऽऽ' आधीपेक्षाही लांब होता. ताईनं मान हलवली. मी पेपर नॅपकिनला नाक पुसलं आणि मिरचीवर ढकललं. मिरची कशातच नव्हती.

परतताना गाडीत काकांनी आधी पट्टा लावला. मग म्हणाले, "खरं सांगू? आधीचंच जास्त चांगलं होतं."

"काका!"

"हे कुठं छापू नकोस हं."

छापते आहे, काका. तुमचा निषेध नोंदवून छापते आहे.

ती त्यांची बॉथेलची शेवटची फेरी. त्यांनी नोकरी सोडली. नागपूरला भावाशेजारी घर घेतलं आहे, मुलीच्या शाळेचं वर्ष संपताच तिघंही तिकडे गेले. आता त्यांच्या जागी टीममध्ये एक हुशार मुलगा आला आहे, तो कीबोर्डशेजारी सॅलड खातो. मी बॉथेलला गेले की त्या सात खुर्च्यांपैकी भिंतीकडच्या खुर्चीवर बसते. ताईच्या पाटीवर आता सूपपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असतं, मासा असलेलं आणि नसलेलं. माझी मागणी मान्य झाली म्हणायची. गेल्या वेळी मीही वाटी दोन्ही हातांनी उचलली. ताईनं सुरी थांबवली. मी भुरका मारायला गेले, तो नाकात गेला, आणि ती कधी नव्हे ती मोठ्यानं हसली. मग रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाली, "काका?"

मी म्हटलं, "फार लांब."

आता तुमच्याकडे मागणी. तुमच्याही घरी कुणीतरी चमच्यानं मुकाट जेवत असेल. त्याचा भुरका कुणी बंद केला ते तुम्हाला ठाऊक आहे, मला सांगायची गरज नाही. आज जेवायला बसाल तेव्हा वाटी त्याच्या दोन्ही हातांत द्या, चमचा उचलून घ्या, आणि तो आवाज होईपर्यंत तोंड बंद ठेवा.